नसलेल्या बकरीशी बोलताना

मस्कतमधल्या आमच्या मंडळात इंजिनिअरांचा इतका सुळसुळाट होता, की सतरंजी अंथरायची झाली तरी आधी कोणीतरी तिचा आराखडा काढायचं. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमातली भाषणं मात्र कुणाच्याच आराखड्यात बसायची नाहीत. ती लांबत जायची, आणि मागच्या रांगांतली मुलं आधी इंग्रजीत कुजबुजायची, मग इंग्रजीत भांडायची, मग मराठीत रडायची. म्हणून एका वर्षी, दोन हजार चौदा-पंधराच्या सुमाराची ही गोष्ट, असं ठरलं की भाषणं संपल्यावर मुलांसाठी छोटासा विनोदी सिनेमा दाखवायचा. आपणच काढलेला, आणि मराठीत. माझ्या नवऱ्याने लगेच जाहीर केलं की त्यात माणसं खरी असतील आणि एक पात्र कार्टून असेल. तो स्ट्रक्चरल इंजिनिअर. दिवसा खांब-तुळयांची गणितं करायची आणि संध्याकाळी टॅबलेटवर हलती चित्रं काढायची असा त्याला नाद लागला होता. तोवरचं त्याचं सगळ्यात मोठं यश म्हणजे शिंकणारा बटाटा.

गोष्ट लिहायचं काम माझ्या गळ्यात आलं. कार्टून उंटाचं हवं, ओमानमध्ये राहून उंट नाही म्हणजे काय, असा एका गटाचा आग्रह होता. उंट आमच्या हॉलमध्ये मावणार नाही, हा मुद्दा मी इंजिनिअरांना पटेल अशा भाषेत मांडला आणि बकरी पास करून घेतली. गोष्ट अशी होती: किनाऱ्यावरच्या खाबुरा गावात एका मराठी माणसाचं दुकान आहे. मुंबईहून येणाऱ्या काचसामानाच्या पेट्यांत मराठी वर्तमानपत्रं कोंबलेली असतात. दुकानामागची बकरी ती वर्षानुवर्षं खाते आणि तिला मराठी येऊ लागतं. अग्रलेखही खाल्ल्यामुळे प्रत्येक बाबतीत तिला मतही असतं. एक दिवस ती पिकअपमध्ये चढून मस्कतला एका मराठी कुटुंबात येते आणि व्हिजिट व्हिसावर आलेल्या पाहुण्यासारखी ठाण मांडून बसते. हे वाचून नवरा माझ्याकडे जरा टक लावून पाहत राहिला, कारण त्या वेळी आमच्याकडे व्हिजिट व्हिसावर आलेले पाहुणे म्हणजे माझे बाबा होते.

आई जाऊन वर्ष झालं होतं. महाडच्या दोन खोल्यांत बाबा एकटेच राहत होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, कालव्यावर शंभर माणसांवर ओरडलेला माणूस. फोनवर मात्र दोन वाक्यांत आटपायचा. एकट्या घरात भिंतींकडे बघत ते मुके होऊन जातील ही धास्ती मी घेतली होती. म्हणून मोठ्या भावाशी भांडून त्यांना आणलं होतं, आणि आता ते परत जायलाच नको होते मला. व्हिसा वाढवायचा, पुन्हा वाढवायचा, काय वाटेल ते करायचं, पण त्यांना इथेच ठेवायचं. अडचण एवढीच, की इथे आल्यावर ते फोनवर बोलायचे तेवढंही बोलेनासे झाले. मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस वस्तीतलं आमचं घर चांगलं हवेशीर. त्यातल्या खिडकीपाशी खुर्ची टाकून ते बसत. काहीही विचारा, उत्तर एकच: "हं." आम्ही त्यांना समुद्रावर नेलं, हं. निझव्याला किल्ला दाखवला, खजुराच्या ढिगांतून फिरवलं, हं. दहा वर्षांची माझी मुलगी आपलं अडखळतं मराठी घेऊन त्यांच्यापुढे उभी राही, "आजोबा, तुम्हाला बोअर होते का?" आणि तिलाही हंच मिळे. मी वैतागून नवऱ्याला म्हणाले, की यांच्यापेक्षा तुझा बटाटा बरा, निदान शिंकतो तरी.

सिनेमाचं शूटिंग शुक्रवारी चालायचं, आणि तेही तुकड्यातुकड्याने, कारण कुणाची साइट सोहारला तर कुणाची दुक्मला. कार्टून नंतर काढायचं असल्याने माणसांनी नसलेल्या बकरीशी बोलायचं होतं. आता बघायचं कुठे? यावर नवऱ्याने त्याच्या बुद्धीप्रमाणे तोडगा काढला. त्याने बकरीचं रीतसर ड्रॉइंग काढलं, समोरून, बाजूने, वरून, सगळी मापं मिलिमीटरमध्ये, आणि सगळ्यांना मेल केलं. पहिली बकरी गुडघ्याएवढी होती. मग कमिटीतून शेरा आला की मागच्या रांगेतून दिसणार नाही, तेव्हा ती कमरेएवढी झाली. पुढे मी संवाद लिहिताना तिला दोन पायांवर उभी केली, तेव्हा छातीला लागली. दर बदलाला नवं ड्रॉइंग, नवा रिव्हिजन नंबर. बांधकामाच्या धंद्यात जन्म गेलेली माणसं आम्ही, आणि त्या धंद्यात जे हटकून होतं तेच झालं. निम्म्या लोकांनी जुन्या रिव्हिजनवर काम केलं.

सिनेमातला मुलगा आणि सिनेमातली सून एकाच सोफ्यावर बसून एकाच बकरीकडे बघत होते. मुलगा तिच्याशी बोलताना स्वतःच्या गुडघ्याकडे बघत होता आणि सून समोरच्या ट्यूबलाइटकडे. शूटिंगच्या वेळी हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण दोघंही फार मनापासून काम करत होते. घरी येऊन फिल्म पाहिल्यावर नवऱ्याने डोक्याला हात लावला. मुलगा झालेल्या प्रोजेक्ट इंजिनिअरला फोन केला तर तो म्हणाला, "मी ड्रॉइंग प्रिंट काढून खिशात ठेवलं होतं, सर. रिव्हिजन झिरो." वर त्याने असंही ऐकवलं, की नवं रिव्हिजन आलं की जुनं परत मागवायची पद्धत असते. शेवटी नवऱ्याने बकरीला उड्या मारायला लावल्या. सून बोलली की बकरी वर, मुलगा बोलला की खाली. पुढे लोकांना तेच सगळ्यात जास्त आवडलं, आणि ते आधीपासून ठरलेलं होतं असं नवरा अजून सांगतो.

खाबुऱ्याच्या दुकानाचं शूटिंग आमच्या चाचांच्या खऱ्याच दुकानात झालं. चाचा दाभोळकडचे कोकणी मुसलमान, तिथे तीसेक वर्षं काचेची भांडी आणि प्लास्टिकच्या बादल्या विकत होते. आमचं पहिलं बिऱ्हाड त्यांनीच लावून दिलं होतं, त्यामुळे मला ते बाय म्हणायचे आणि मीही त्यांच्यावर हक्क गाजवायची. बाबांनाही आम्ही बरोबर नेलं होतं, हवापालट म्हणून. चाचांनी बकरीला फक्त एवढंच म्हणायचं होतं, "माझा पेपर खाल्लास ना?" पण ते काही केल्या जमेना. ते कॅमेऱ्याकडे बघत, माझ्याकडे बघत, बाबांकडे बघत, आणि थांबत.

"बाय, मना तं काय दिसत नाय. कनाशी बोलू?"

"तिथे बकरी आहे असं समजा चाचा."

"नाय ना तं कशी समजू? मी यापारी माणूस. माल नाय त्याचा भाव कसा सांगू?"

मग त्यांनी परस्पर शेजारच्या अर्बाबकडून, म्हणजे बागेच्या ओमानी मालकाकडून, खरी बकरी मागवली. ती आली आणि तिने पहिल्यांदा चाचांचा संवाद लिहिलेला कागद खाल्ला. चाचा त्यावर जे मनापासून बोलले, ते मुलांच्या सिनेमात ठेवता येण्यासारखं नव्हतं, पण चेहरा अगदी हवा तसा मिळाला. तेवढाच ठेवला. बाबा दुकानाच्या पायरीवर बसून हे सगळं बघत होते. त्यांच्या ओठांची एक कड किंचित हललेली मी पाहिली आणि तेवढ्यावर मला दोन दिवस बरं वाटलं.

आजोबांचं काम करणारे गृहस्थ आयत्या वेळी कारखान्याच्या शटडाऊनसाठी सोहारला अडकले. घरात कॅमेरा लावलेला, दिवे लावलेले, आणि आजोबा नाहीत. नवरा बाबांना मामा म्हणतो, तो हळूच म्हणाला, "मामांना विचारू या का?" मी म्हटलं, विचार, हं म्हणतील. त्याने विचारलं आणि बाबा खरंच हं म्हणाले, तो होकार आहे हे कळायला आम्हाला थोडा वेळ लागला.

प्रसंग साधा होता. बकरी आजोबांची खुर्ची बळकावून बसलेली असते आणि ते तिला उठवतात. मी पाच वाक्यं लिहून दिली होती. बाबांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. नवरा ड्रॉइंग घेऊन त्यांना बकरीची उंची समजावायला जात होता तर त्याला हातानेच बाजूला सारलं आणि म्हणाले, "तुम्ही सांगताय काय, तर नसलेल्याशी बोलायचं. मोठ्याने."

"हो मामा. यल्ला, सुरू करा."

बाबा खुर्चीसमोर उभे राहिले. रिकाम्या खुर्चीकडे त्यांनी पाहिलं, कपाळाला आठी घातली, आणि कालव्यावरचा तो जुना आवाज आमच्या घरात पहिल्यांदा ऐकू आला.

"बसलीस का पुन्हा माझ्या खुर्चीत?"

आणि मग ते थांबले. विसरले म्हणून नाही, ऐकायला थांबले. मान जरा तिरकी, डोळे एकाच जागी. ऐकून झाल्यावर चिडून म्हणाले, "पाय दुखतात तर डॉक्टरकडे जायचं. खुर्चीत बसून बरे होतात का?" पुन्हा थांबले. या वेळी बराच वेळ. मध्येच त्यांनी नजर चुकवून खिडकीबाहेर पाहिलं, ओशाळल्यासारखे झाले, आणि परत वळून म्हणाले, "ते मागचं उकरून काढू नकोस." मग अगदी एवढीशी फट, आणि लगेच, "बरं बाई. तुझंच खरं." आणि खुर्ची सोडून पलंगाच्या कडेला जाऊन बसले.

मी लिहिलेलं एकही वाक्य त्यात नव्हतं. नवरा कॅमेरा बंद करायचं विसरून टाळ्या वाजवत होता. बाबांनी पाणी मागितलं, प्यायले, आणि "जमलं का" विचारलं. आम्ही उत्तम म्हटल्यावर हं म्हणाले आणि खिडकीशी जाऊन बसले.

नवरा हरखून गेला होता. रात्रंदिवस उड्या मारणारी बकरी काढून दमलेल्या माणसाला एक तरी नट असा मिळाला होता, ज्याची नजर इंचभर हलत नव्हती. बकरी किती उंच काढायची ते बाबांच्या नजरेवरूनच कळत होतं. माझं काम मात्र उलटं होऊन बसलं. एरवी आधी संवाद आणि मग उत्तर. इथे उत्तरं तयार होती आणि मधल्या फटी भरायच्या होत्या. पहिल्या फटीत मी बकरीला म्हणायला लावलं, "लोकशाहीत खुर्ची कुणाच्या बापाची नसते." मला वाटलं, वा. पण ते मावेना. बाबा मध्येच बोलायला लागत. छोटं करून पाहिलं तर बाबा उगाच ताटकळत उभे राहत, आणि पाय दुखण्याचं काय, ते कळेना. अग्रलेखातली वाक्यं झाली, म्हणी झाल्या, एक शायरीही झाली. बसेना.

शनिवारी दुपारी मी स्वयंपाकघरात भाजी चिरत तोच तुकडा टॅबलेटवर पुन्हा लावला होता. बाबा म्हणाले, "बसलीस का पुन्हा माझ्या खुर्चीत?" आणि माझं लक्ष नसताना माझ्या तोंडून निघून गेलं, "मग काय खाली बसू? पाय दुखतात माझे."

बरोबर बसलं. शेवटच्या अक्षरापर्यंत.

मी सुरी खाली ठेवली. पुढची मोठी फट आली. माझा जन्म झाला तेव्हा बाबा कालव्यावर होते आणि आई शेजारणीबरोबर दवाखान्यात गेली होती. हे मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय, की दर भांडणात ते कितव्या वाक्याला येणार हेही मला पाठ होतं. मी ते म्हटलं, आईच्या चालीवर. "तुम्ही नेलंत का कधी डॉक्टरकडे? पोर झाली तेव्हासुद्धा शेजारीण आली होती माझ्याबरोबर." ज्या शब्दाला ती बोट दाखवायची, त्या शब्दाला बाबा खिडकीबाहेर बघत होते. आणि ती शेवटची एवढीशी फट. तिच्यात काय मावतं ते मला आता कुणी सांगायला नको होतं. "मी म्हणून टिकले."

मला रडू फुटलं. मुलगी आत आली आणि तिने विचारलं, "कांदा?" मी म्हटलं, हो, कांदा. ओट्यावर भेंडी होती.

बकरीचा आवाज मुलीचा घ्यायचा असं ठरलेलं होतं. तिने तो मन लावून केला, पण बकरी महागड्या शाळेत शिकून आल्यासारखी बोलायला लागली, आणि फटी पुरेनात. शेवटी मी कपाटात, नवऱ्याच्या सुटांच्या मध्ये उभी राहून, कारण तिथे एसीचा आवाज येत नाही, बकरी बोलले. फक्त 'पोर'च्या जागी 'करडू' केलं. बाबांना यातलं काही सांगितलं नाही. धीरच झाला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी भाषणं नेहमीसारखीच लांबली. मग दिवे मालवले आणि पडद्यावर बकरी आली, उडी मारत. मुलं सोफ्यावरच्या प्रसंगाला इतकी हसली की दोघांना उचक्या लागल्या. मी बाबांच्या शेजारी बसले होते आणि माझं पडद्याकडे लक्षच नव्हतं. खुर्चीचा प्रसंग सुरू झाला. बकरी म्हणाली, "करडू झालं तेव्हासुद्धा शेजारीण आली होती माझ्याबरोबर," आणि हॉलमधल्या बायका अशा हसल्या, की मागून कुणीतरी आपल्या नवऱ्याला कोपराने ढोसल्याचा आवाज आला. बाबा ताठ बसून होते. "ते मागचं उकरून काढू नकोस," पडद्यावरचे बाबा म्हणाले. आणि बकरीने तोंड उघडायच्या आधी, माझ्या शेजारी, अगदी पुटपुटत, बाबा म्हणाले, "मी म्हणून टिकले." मागोमाग बकरी तेच म्हणाली आणि सगळा हॉल हसून कोसळला. बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. माझा हात मात्र धरला, आणि सिनेमा खलास होईपर्यंत सोडला नाही.

बाहेर चहाच्या टेबलाशी चाचा भेटले. बाबांना म्हणाले, "तुमची बकरी लय बोलली वो."

"तिला सवय हाय," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला मी विषय काढला. म्हटलं, व्हिसा वाढवायला टाकते, इन्शाल्ला होऊन जाईल, तिकीट पुढे ढकलू. बाबांनी पोह्याचा घास संपवला आणि म्हणाले, "तिकीट आहे तसं ठेव. मला जायचंय."

"तिकडे एकटे काय करणार? बोलायला माणूस नाही घरात."

"कोण म्हणालं?"

नवऱ्याने आपला चहा उचलला आणि गॅलरीत निघून गेला, तेवढी समज त्याला आहे.

"तिकडे मी दिवसभर बोलतो," बाबा म्हणाले. "उठल्यापासून. दूध नासलं तर सांगतो, पेपरात काय आलं ते सांगतो. भांडतोही. मला वेड लागलेलं नाही, ती नाही हे मला कळतं. पण बोललं की बरं वाटतं. तुझा फोन आला की लवकर ठेवतो, कारण मध्येच बोलणं तुटतं. इथे मात्र बोलायची चोरी. जावई समोर, नात समोर, कामाला बाई येते. म्हातारा भिंतीशी बोलतो म्हणाल. त्या दिवशी तुम्हीच म्हणालात, नसलेल्याशी बोला, मोठ्याने. परवानगी मिळाली, बोलून घेतलं."

मी म्हटलं, "इथेही बोला ना. आम्ही काही म्हणणार नाही."

"इथे ती कधी आलीच नाही, पोरी. तिला इथलं काही ठाऊक नाही. निझव्याला मी तिला काय सांगू?"

मी रागावले. वर्षभर ज्या मुक्या घराची धास्ती घेऊन मी भावाशी भांडले होते, ते घर दिवसभर बोलत होतं, आणि मुकं घर माझं होतं. दोन दिवस मी बाबांशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांची बॅग भरायला घेतली. खजूर, चाचांनी दिलेला काचेचा जग, आणि नवऱ्याने मोबाइलवर घालून दिलेला सिनेमा.

ते गेल्यावर आठवड्याने मी फोन केला. बराच वेळ वाजल्यावर त्यांनी उचलला.

"थांब हं," ते मला म्हणाले, आणि मग फोन बाजूला न धरता, मला ऐकू येईल असं, दुसऱ्या कुणाला तरी म्हणाले, "पोरीचा फोन आहे."

त्यानंतर ते बोलले नाहीत. महाडच्या घरातला पंखा ऐकू येत होता. मीही मध्ये बोलले नाही. तिचं बोलून होईपर्यंत थांबले.

"ती विचारतेय," बाबा म्हणाले, "तू कधी येणार?"

"मे महिन्यात," मी म्हटलं. "सांगा तिला."